कवळीत पुन्हापुन्हा बुडबुडे येतात? ते कुठे आहेत, यावरून कारण ओळखा

खालची कवळी फ्लास्कमधून, म्हणजे साचा बसवलेल्या धातूच्या पेटीतून, निघते तेव्हा वरवर स्वच्छ दिसते. ट्रिमिंगला घेतली की जिभेच्या बाजूच्या जाड कडेत बारीक गोल छिद्रं उघडी पडतात. दोन केस, म्हणजे दोन रुग्णांच्या कवळ्या, नीट जातात, तिसरीत पुन्हा तेच. मग लॅबमध्ये पहिला संशय मटेरियलवर जातो. पावडर-लिक्विडची कंपनी बदलली जाते, काही दिवस बरे जातात आणि छिद्रं परत येतात.

कंपनी बदलून हा प्रश्न सुटत नाही. नेहमीच्या हीट क्युअर, म्हणजे तापवून घट्ट करायच्या, अ‍ॅक्रिलिकच्या बाटलीतला मुख्य द्रव एकच असतो, मिथाइल मेथाक्रिलेट. १९३७ च्या सुमारास व्हल्कनाइट रबराच्या जागी कवळ्यांसाठी हे मटेरियल आलं आणि तेव्हापासून त्याचा स्वभाव तोच आहे. कुठल्या तापमानाला उकळायचं, किती तापायचं, किती आकसायचं, हे त्या रेणूचं ठरलेलं आहे. आपल्या हातात आहे ती प्रक्रिया, आणि ती कुठे चुकली हे छिद्रांकडे नीट पाहिलं तर बहुतेक वेळा कळतं.

आधी या द्रवाचे आकडे

मिथाइल मेथाक्रिलेट १००.८ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे पाण्याच्या अगदी शेजारी. त्याची घनता मिलिलिटरला सुमारे ०.९४५ ग्रॅम असते आणि त्याचे रेणू साखळ्यांत जुळून घट्ट पॉलिमर झाला की ती १.१९ च्या आसपास जाते. तेवढंच वस्तुमान कमी जागेत बसतं, म्हणून शुद्ध मोनोमर, म्हणजे अजून न जुळलेला द्रव, पॉलिमर होताना घनफळात सुमारे २१ टक्के आकसतो. आणि हे होताना ग्रॅममागे साधारण १३० कॅलरी उष्णता बाहेर पडते.

आपण शुद्ध मोनोमर कधीच वापरत नाही, याचं कारण याच आकड्यांत आहे. पावडरमधले मणी आधीच पॉलिमर झालेले असतात. त्यांचं आकसणं आणि तापणं कारखान्यातच होऊन गेलेलं असतं. घनफळाने तीन भाग पावडर आणि एक भाग लिक्विड घेतलं की आकसणं २१ वरून सुमारे ७ टक्क्यांवर येतं, आणि उष्णताही त्या प्रमाणात कमी होते. म्हणून पावडर-लिक्विडचं प्रमाण हा मटेरियल वाचवण्याचा विषय नाही. पॅकिंग सोपं जावं म्हणून अंदाजाने थोडं लिक्विड जास्त ओतणं ही फार पसरलेली सवय आहे. त्याने उष्णता वाढते, आकसणं वाढतं आणि गोळा तयार व्हायला वेळही जास्त लागतो. डब्यावर जे प्रमाण छापलं असेल ते घ्या, आणि मापाने घ्या.

छिद्रं पाहायची कशी

कवळी स्वच्छ धुऊन, पुसून कोरडी करा आणि मागून दिवा धरून पाहा. तीन गोष्टी टिपा: छिद्रं जाड भागात आहेत की पातळ, आत आहेत की पृष्ठभागावरही, आणि गोल आहेत की वेडीवाकडी. कवळी तशीही नव्याने करायची असेल तर जाड कडेतून करवतीने आडवा छेद घ्या. बाहेरून जे दिसत नाही ते छेदात दिसतं.

गोल छिद्रं, फक्त जाड भागात, वरची एक-दोन मिलिमीटरची साल मात्र अखंड, असं असेल तर मोनोमर आत उकळला आहे. वेडीवाकडी छिद्रं सगळीकडे पसरलेली, पृष्ठभागावरही, पातळ टाळूतही, असं असेल तर साच्यात माल कमी पडला किंवा दाब सुटला. छिद्रापेक्षा पांढरट, अपारदर्शक, रवाळ पट्टे जास्त दिसत असतील तर गोळा कोरडा पडला होता. सगळ्यात जास्त दिसतो तो पहिला प्रकार आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच जास्त आहेत, म्हणून तिथे थोडं थांबू.

मोनोमर आत उकळतो तेव्हा

पावडरमध्ये थोडा बेंझॉइल पेरॉक्साइड असतो. साठ अंशांच्या पुढे तो फुटू लागतो आणि त्यातून निघालेले मुक्त मूलक मोनोमरच्या साखळ्या सुरू करतात. पाणी जितकं गरम, तितका पेरॉक्साइड जलद फुटतो, तितक्या जास्त साखळ्या एकदम सुरू होतात आणि तितकी उष्णता एकदम बाहेर पडते. म्हणजे बाहेरच्या पाण्याची उष्णता फक्त सुरुवात करून देते. पुढचं तापणं मालाचं स्वतःचं असतं.

हे तापणं किती मोठं आहे याचा ढोबळ हिशेब करून पाहा. २४ ग्रॅम पावडर आणि १० मिलिलिटर लिक्विड घेतलं तर लिक्विड भरतं साडेनऊ ग्रॅमच्या जवळपास. त्यातून सुमारे १,२०० कॅलरी निघतात. ही सगळी उष्णता तेहतीस-चौतीस ग्रॅमच्या गोळ्यातच अडकून राहिली तर त्याचं तापमान ९० ते १०० अंशांनी चढेल. सुरुवात सत्तरीत झाली असेल तर उकळबिंदू सहज ओलांडला जातो. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण उष्णता भोवतीच्या प्लास्टरमध्ये निघून जात असते. पातळ टाळूतून ती लगेच जाते. जाड कडेच्या गाभ्यातून मात्र तिला अ‍ॅक्रिलिकमधूनच वाट काढावी लागते, आणि अ‍ॅक्रिलिक उष्णतेचं अतिशय मंद वाहक आहे. गाभ्यात उष्णता साचते, शिल्लक मोनोमरची वाफ होते, आणि तोवर भोवतीचा माल इतका घट्ट झालेला असतो की वाफेला बाहेर पडता येत नाही. तिचा बुडबुडा तिथेच गोठतो. साल अखंड आणि गाभा पोकळ, हे चित्र असं तयार होतं.

यातून एक गोष्ट लक्षात येते जी मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांचे दात जाऊन वर्षानुवर्षं झाली, ज्यांच्या खालच्या जबड्याचं हाड झिजून सपाट झालं, त्यांच्याच खालच्या कवळीत अ‍ॅक्रिलिकची जाडी सर्वात जास्त भरते. म्हणजे ज्या वृद्ध माणसाला चांगल्या कवळीची गरज सर्वात जास्त, त्याच्याच कवळीत हा दोष येण्याची शक्यता सर्वात जास्त. 'दोन केस नीट, तिसरी खराब' याचं कोडं बहुधा इथेच सुटतं. सायकल, म्हणजे तापवण्याचा क्रम आणि वेळ, तीच असते, जाडी बदललेली असते. फ्लास्क लावण्याआधी मेणाची जाडी पाहा आणि जाड केस जलद सायकलमध्ये घालू नका.

आता सायकल. नेहमीच्या हीट क्युअर मालासाठी पाठ्यपुस्तकांत दोन पद्धती सांगितल्या जातात. एक लांब: ७४ अंशांवर आठ तास किंवा अधिक, नंतर हवं तर एक तास उकळ. दुसरी छोटी: ७४ अंशांवर सुमारे दोन तास आणि मग उकळत्या पाण्यात एक तास. दोन्हींचं मर्म ७४ वरच्या थांब्यात आहे. या तापमानाला पेरॉक्साइड फुटतो, पण सावकाश, आणि उष्णतेला निघून जायला वेळ मिळतो. बहुतेक मोनोमर इथेच पॉलिमर होऊन जातो. त्यानंतर पाणी उकळलं तरी आत उकळण्याजोगं फारसं उरलेलं नसतं. शेवटची उकळ पातळ भागांसाठी आहे. तिथे स्वतःची उष्णता कमी पडते, म्हणून बाहेरची देऊन शिल्लक मोनोमर कमी करायचा. या शेवटच्या तासाच्या जागी सुरुवातीचा थांबा कापला जातो, तिथे घोटाळा होतो. गॅसवर पातेलं, पाणी उकळलं की फ्लास्क आत, हा प्रकार घाईच्या दिवशी अजूनही होतो. पातळ कवळी त्यातूनही बरी निघते, म्हणूनच पद्धत ठीक आहे असा समज होतो.

अ‍ॅक्रिलायझर, म्हणजे फ्लास्क पाण्यात तापवायचं यंत्र, असेल तर त्याच्या तबकडीवर विसंबू नका. काचेचा तापमापक फ्लास्कच्या शेजारी पाण्यात धरा आणि तासाभरात दोन-तीनदा वाचा. थर्मोस्टॅट सरकलेला असेल तर ७४ च्या जागी ८२-८५ भरत असेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. फ्लास्क गार पाण्यात ठेवून मगच तापवायला सुरुवात करा. एकावेळी बरेच फ्लास्क घातले तर प्लास्टरचा आतला भाग पाण्याच्या बराच मागे राहतो, त्यामुळे थांब्याचा वेळ पाणी ७४ ला पोचल्यापासून धरताना थोडा जास्तच धरावा. पाण्याचं तापमान लवकर वाढवून तो वेळ भरून काढायचा नाही.

पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीच्या गावात उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. शेवटच्या उकळीसाठी ते पुरेसं आहे, फक्त तास पूर्ण भरू द्या.

माल कमी किंवा दाब कमी

सात टक्के आकसणं कुठेतरी जाणारच. साचा काठोकाठ भरलेला आणि दाबाखाली असेल तर ते बाहेरून समान रीतीने भरून निघतं. तसं नसेल तर माल आतल्या आत फाटतो आणि वेडीवाकडी पोकळी उरते. तिला जाड-पातळ असा भेद नसतो.

इथे ट्रायल क्लोजर, म्हणजे फ्लास्क चाचणीपुरता बंद करून पाहणं, हा सगळा खेळ आहे. मधे पॉलिथिनचा कागद घालून प्रेस हळूहळू दाबायचा, उघडायचं, बाहेर आलेला जादा माल, म्हणजे फ्लॅश, कापायचा, आणि फ्लॅश येणं थांबेपर्यंत हे करायचं. पहिल्याच दाबाला फ्लॅश आलाच नाही तर आनंद मानू नका, माल कमी आहे. थोडा गोळा वाढवा. प्रेस झटक्यात खाली आणला तर माल कडेने पळतो, दात सरकतात, आणि फ्लॅश पाहून साचा भरल्याचा भास होतो.

गोळा कुठल्या अवस्थेत भरला यावरही बरंच अवलंबून आहे. मिश्रण आधी ओल्या वाळूसारखं असतं, मग तारा सुटतात, मग ते मळलेल्या कणकेसारखं होतं आणि भांड्याच्या कडा सोडतं. भरायचं ते इथेच. तारा सुटत असताना भरलं तर दाब बसतच नाही, माल नुसता वाहून जातो. रबरासारखं झाल्यावर भरलं तर ते साच्याच्या कोपऱ्यांत शिरत नाही, आणि दाब काढला की परत उसळतं. विदर्भात मे महिन्यात ही कणकेची अवस्था फार लवकर येते आणि लवकर संपते. भांडं आणि लिक्विड थोडं गार करून घेतलं तर वेळ वाढतो, पण फ्रिजमधून काढलेलं भांडं तसंच उघडू नका. गार पृष्ठभागावर हवेतलं पाणी धरतं, आणि मालात गेलेलं पाणी रंग आणि ताकद दोन्ही बिघडवतं. घट्ट झाकून बाहेर ठेवा, बाहेरून घाम सुकला की उघडा.

क्लॅम्पकडेही पाहा. स्प्रिंगचा क्लॅम्प आकसणाऱ्या मालाचा पाठलाग करतो. साधा स्क्रूचा क्लॅम्प एकदा आवळला की तेवढाच. क्लॅम्प लावल्यावर फ्लास्क अर्धा-पाऊण तास टेबलावर तसाच ठेवावा असं माझं ठाम मत आहे. त्या वेळात साच्यातला दाब सगळीकडे सारखा होतो आणि मोनोमर गोळ्यात नीट मुरतो. घाईत सर्वात आधी हाच वेळ कापला जातो.

पांढरट, रवाळ भाग

हे बहुधा भांड्याचं झाकण उघडं राहिल्यामुळे होतं. मोनोमर खोलीच्या तापमानालाही भराभर उडतो. वरचा थर कोरडा पडतो, मण्यांना पुरेसं लिक्विड मिळत नाही आणि ते एकमेकांत विरघळत नाहीत. लिक्विड कमी घेतलं किंवा नीट मिसळलं नाही तरी हेच दिसतं. झाकणाचं काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं वापरा आणि मिसळून झालं की लगेच झाका. वरून थेंब-थेंब लिक्विड टाकून गोळा 'सुधारू' नका, त्याने एका जागी लिक्विड जास्त होतं आणि तिथे बुडबुडे येतात.

पांढरटपणा प्लास्टरला चिकटलेल्या बाजूलाच असेल तर कारण वेगळं. सोडियम अल्जिनेटचा सेपरेटिंग थर फाटलेला आहे, प्लास्टरमधलं पाणी मालात शिरलं आहे. साचा गरम आणि स्वच्छ असताना, मेणाचा शेवटचा अंश उकळत्या पाण्याने धुऊन गेल्यावर थर द्या. दातांच्या तळावर मात्र तो जाऊ देऊ नका, नाहीतर दात निखळतात.

सेल्फ क्युअरमधली छिद्रं

दुरुस्तीच्या, न तापवता घट्ट होणाऱ्या (सेल्फ क्युअर) मालात छिद्रं दिसली तर उकळीचा विचार करू नका. तिथे पेरॉक्साइड फोडायला अमाइन असतो, तापमान तेवढं चढत नाही. मोनोमरमध्ये विरघळलेली हवा पॉलिमरमध्ये मावत नाही, ती बारीक बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येते. उपाय दाबाचा आहे: प्रेशर पॉट, आत चाळीस-पंचेचाळीस अंशांचं कोमट पाणी आणि साधारण दोन बार दाब. प्रेशर पॉट नसेल तर छिद्रं कमी करता येतील, पूर्ण घालवता येणार नाहीत.

कारण पक्कं करायची चाचणी

अंदाज पुरेसा नाही असं वाटत असेल तर मेणाची एक पाचर करा: एका टोकाला २ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला १२-१५ मिलिमीटर जाड. अशा दोन सारख्या पाचरी दोन फ्लास्कमध्ये लावा आणि एकाच भांड्यातल्या गोळ्याने भरा. एक तुमच्या रोजच्या सायकलने करा, दुसरी ७४ वर रात्रभर ठेवा. गार झाल्यावर दोन्ही लांबीच्या दिशेने कापून शेजारी ठेवा.

रोजच्या पाचरीत एका ठराविक जाडीपुढे गोल छिद्रं सुरू झाली आणि रात्रभरची भरीव निघाली, तर तुमचा प्रश्न तापमानाचा आहे. शिवाय तुमच्या सायकलमध्ये किती जाडीपर्यंत धोका नाही, हेही त्याच कापावर मोजून मिळतं. दोन्हींत सारखी छिद्रं असतील तर सायकल सोडा, प्रमाण आणि पॅकिंगकडे जा. एकावेळी एकच गोष्ट बदला. लिक्विड, प्रेस आणि सायकल तिन्ही एकदम बदलून केस चांगली आली तर पुढच्या वेळी काय जपायचं ते कळणार नाही.

लिक्विडच्या बाटलीकडेही एकदा पाहा. तपकिरी बाटली, घट्ट झाकण, गार जागा. द्रव घट्टसर वाटला तर टाकून द्या. भांड्यात उरलेलं लिक्विड परत बाटलीत ओतू नका. त्याबरोबर मणी आणि पेरॉक्साइड आत जातात, आणि साठवणीत टिकावं म्हणून घातलेला हायड्रोक्विनोन हळूहळू खर्च होतो. मेण तापवायची ज्योत आणि ही बाटली एका टेबलावर नको, याची वाफ सहज पेट घेते. हातमोजे घातले म्हणून गोळा बिनधास्त मळू नका. पातळ रबरी मोज्यांतून मोनोमर थोड्याच वेळात आरपार जातो, आणि एकदा त्याची अ‍ॅलर्जी झाली की कायमची राहते. गोळा पॉलिथिनमध्ये धरून हाताळा.

छिद्रं निघालेल्या कवळीचं काय

उघडी पडलेली छिद्रं सेल्फ क्युअरने बुजवून, प्युमिसच्या भुकटीने घासून पाठवू नका. वरची चार बुजतात, आतली तशीच राहतात. पुढे कधीतरी कडा झिजवताना ती उघडी पडतात. त्यांत अन्न आणि कॅन्डिडा बुरशी बसते, ब्रश पोचत नाही, वास येतो, टाळूला आणि हिरड्यांना दाह होतो. शिवाय जिथे जाडी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो तिथेच कवळी आतून कमजोर असते.

दात आणि चावा बरोबर असेल तर दातांची जागा प्लास्टरच्या साच्यात धरून जुना तळ काढा आणि नवीन तळ लांब सायकलने करा, म्हणजे रिबेस. डॉक्टरांना आधी सांगा, आणखी दोन दिवस मागून घ्या. फ्लास्क पाण्यातून काढला की अर्धा तास टेबलावर गार होऊ द्या, मग पंधरा मिनिटं गार पाण्यात, मगच उघडा. अ‍ॅक्रिलिक दर अंशाला लांबीत सुमारे ८१ दशलक्षांश आकसतं. गरम फ्लास्क थेट नळाखाली धरला तर बाहेरचा भाग आधी आकसतो, आतला मागाहून, आणि नवीन तळ वाकडा निघतो. तयार कवळी एक-दोन दिवस पाण्यात ठेवून मग पाठवा. शिल्लक मोनोमरचा बराच अंश त्यात निघून जातो, आणि कवळी पाणी शोषून जेवढी फुगायची तेवढी बरीचशी रुग्णाच्या तोंडात जाण्याआधीच फुगते.